गाभ्यातलं भांडं

बिबल्याचा पेला दिसायला अगदी साधा असतो. पिवळसर तपकिरी, जाड बुडाचा, रंग नाही, पॉलिश नाही. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात किंवा वनौषधींच्या प्रदर्शनात तो मधुमेहाचा पेला म्हणून विकायला ठेवलेला असतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळपर्यंत पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो आणि चव तुरट होते. यातलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात घ्यावं, साधं पाणी घालून विरळ करावं आणि मागे काळं कापड धरून उन्हात बघावं. आरपार पाहिलं तर पाणी पिवळं दिसतं. जिकडून ऊन पडतंय त्या कडेला मात्र निळसर झळाळी उमटते. ग्लास जरा हलवला की निळी कड उन्हाच्या बाजूने सरकते. लाकडाच्या भांड्यातून आलेल्या पाण्यात हे दिसतं, यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

या प्रकरणाचा विषय लेथवर कातलेली शोभेची भांडी हा आहे: वाडगे, फुलदाण्या, करंडे. सुरुवात बिबल्यापासून केली, कारण असं भांडं लाकडाच्या कुठल्या भागातून निघतं हे बिबला फार चांगलं दाखवतो. झाडाच्या खोडात बाहेरच्या बाजूला जिवंत, पाणी वाहून नेणारं, फिकट लाकूड असतं. झाड जाड होत जातं तसा आतला भाग वाहतुकीच्या कामातून मोकळा होतो. त्यात झाड रंगद्रव्यं, राळ, टॅनिन आणि किडीला व बुरशीला न मानवणारी रसायनं साठवतं. हा झाला गाभा. शिसवाचा जांभळट काळेपणा, खैराचा लालपणा, रक्तचंदनाचा रंग, सागाचा टिकाऊपणा हे सगळं गाभ्याचं देणं. बिबल्याच्या गाभ्यातली काही रसायनं पाण्यात उतरतात, एवढाच त्याचा वेगळेपणा.

आयुर्वेदात या झाडाला असन किंवा बीजक म्हणतात आणि प्रमेहावर त्याचा उपयोग फार जुना आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराच्या, म्हणजे याच गाभ्याच्या अर्काची चाचणी नव्याने मधुमेह आढळलेल्या रुग्णांवर केली होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात बारा आठवड्यांनी ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आल्याची नोंद आहे. पण ती मोजून दिलेल्या अर्काची चाचणी होती, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पेल्यातल्या पाण्यात किती अर्क उतरतो हे पेला किती जुना आहे, पाणी किती वेळ ठेवलं, यावर बदलत जातं. म्हणून पेल्याच्या भरवशावर कुणीही गोळ्या सोडू नयेत. हे इथे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण असे पेले विकत घेणारे बहुतेक लोक आधीच औषधावर असतात.

निळ्या झळाळीची गोष्ट याहून लांब जाते. स्पेनमधल्या सेव्हिल शहराचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ साली मेक्सिकोहून येणाऱ्या एका औषधी लाकडाबद्दल लिहिलं: ते पाण्यात टाकलं की पाणी निळं दिसू लागतं. मूत्रपिंडाच्या विकारांवर हे लाकूड युरोपात गाजलं. पुढे त्याचे पेलेही दिसू लागले. रोममधला जेझुइट विद्वान अथानासिउस किर्शर याच्याकडे असा एक पेला मेक्सिकोतल्या जेझुइटांकडून भेट आला. १६४६च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याने त्यातल्या पाण्याच्या बदलत्या रंगांचं वर्णन केलं आणि पेला पवित्र रोमन सम्राटाला नजर केला. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलने या पाण्यावर प्रयोग केले. आम्ल टाकलं की निळा रंग जातो आणि अल्क टाकलं की परत येतो, हे त्याच्या लक्षात आलं. या गुणाला नाव मिळायला मात्र १८५२ साल उजाडलं. जॉर्ज स्टोक्सने त्याला फ्लुओरेसन्स म्हटलं, आपल्याकडे प्रतिदीप्ती म्हणतात.

पण मेक्सिकोतलं ते झाड म्हणजे झुडपासारखं लहानखुरं. त्यातून पेला निघणार कसा? विल्यम सॅफोर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास हा गुंता सोडवला. औषधाच्या ढलप्या मेक्सिकोच्या झुडपाच्या होत्या आणि पेले फिलिपिन्समधल्या नारा नावाच्या मोठ्या झाडाचे होते. मनिलाहून मेक्सिकोला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांमुळे दोन्ही माल एकाच वाटेने युरोपात पोहोचत होते. हा नारा आपल्या बिबल्याच्या कुळातला, अगदी एकाच प्रजातीतला. रक्तचंदनही त्याच प्रजातीतलं आणि अंदमानचं पडाउकही. युरोपातल्या सम्राटाला जे भांडं नवलाचं वाटलं, त्याचं भावंड आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं.

लेथवर हौसेने काम करणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या लोकांमध्ये परदेशी, दुर्मीळ लाकडांचं वेड दोनेकशे वर्षं तरी जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या होल्ट्झापफेल घराण्याच्या नक्षीकामाच्या लेथवर तिथली श्रीमंत मंडळी आफ्रिकेतलं काळं लाकूड आणि हस्तिदंत कातायची. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या बॉब स्टॉक्सडेलने हे वेड वेगळ्या उंचीवर नेलं. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिल्याने त्याला सक्तीच्या श्रमछावणीत राहावं लागलं, आणि वाडगे कातायला तो तिथे शिकला. जगभरची लाकडं गोळा करून त्याने पातळ काठाचे, छोट्या बुडाचे वाडगे केले. त्यांवर नक्षी नाही, रंग नाही. जे काही आहे ते लाकडाच्या रेषांमध्ये आणि काठाच्या वळणात. असे वाडगे आज संग्रहालयांत आहेत.

या हौशी लोकांच्या लाकडांच्या याद्यांमधली नावं वाचताना आपल्याकडच्या माणसाला ओळखीचे चेहरे भेटतात. आफ्रिकी ब्लॅकवूड आणि मध्य अमेरिकेचं कोकोबोलो ही दोन्ही आपल्या शिसवाच्या प्रजातीतली. खुद्द आपलं शिसवही त्या याद्यांमध्ये महागाचं दुर्मीळ लाकूड म्हणून असतं. आपल्याकडे ते आजीच्या पलंगात आहे आणि तबल्याच्या खोडात आहे. तबला हे आपल्या घरांत पोहोचलेलं कातीव भांड्याचं सगळ्यात अवघड उदाहरण म्हणावं लागेल. शिसव, खैर, बाभूळ अशा जड लाकडाचं खोड बाहेरून निमुळतं कातायचं, आतून साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोखरायचं आणि बूड भरीव ठेवायचं. भिंत सगळीकडे सारखी नसली तर सूर जुळवताना त्रास होतो. फुलदाणी चुकली तर फार तर वाकडी दिसते, तबल्याचं खोड चुकलं की मैफलीत कळतं.

दुर्मीळ लाकडाच्या या हौसेची किंमत जंगलांनी मोजली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची जवळजवळ पूर्ण प्रजाती वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. परवान्याशिवाय तिचं लाकूड सीमा ओलांडू शकेना. भारतातल्या हस्तकला निर्यातदारांना याचा मोठा फटका बसला. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत शिसव आणि शिसम यांच्या दहा किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंच्या मालाला सवलत मिळाली. रक्तचंदन १९९५ पासून याच परिशिष्टात आहे आणि त्याच्या तस्करीच्या बातम्या आपण वाचतोच. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन यांच्याबरोबर बीजा, म्हणजे आपला बिबलाही आहे. खाजगी जमिनीवर उभं असलं तरी यातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. बिबला आता संकटाच्या उंबरठ्यावरची जात मानली जाते. गाभा तयार व्हायला झाडाला दशकं लागतात आणि पेला कातायला काही तास पुरतात. हा हिशोब ज्याला टोचत नाही त्याने दुर्मीळ लाकडाला हात लावू नये, असं माझं मत आहे.

आता भांडं घडतं कसं ते पाहू.

लेथचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं चित्र इजिप्तमध्ये, पेटोसिरिसच्या थडग्याच्या भिंतीवर आहे. काळ इसवी सनापूर्वी ३००च्या आसपासचा. एक माणूस दोरीने काम फिरवतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. आपल्याकडचा पारंपरिक कातारी याच रीतीने काम करायचा, किंबहुना काही ठिकाणी अजून करतो. तो जमिनीवर बसतो, साथीदार पट्ट्याची दोन टोकं आळीपाळीने ओढतो, लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरतं. हत्यार फक्त पुढच्या फेरीला लागतं. मागच्या फेरीला ते केसभर मागे घ्यायचं आणि हे सगळं ठेक्यात. हत्यार स्थिर ठेवायला पायाचा अंगठाही कामाला लागतो. आपल्या घरांतली लाटणी, रव्या, पांगुळगाडे, पाळण्याचे खांब, भोवरे, कुंकवाचे करंडे असे तयार झाले.

आजच्या विजेच्या लेथवर फेरी एकाच दिशेची असते आणि ती फार वेगाची असते. तीस सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याचा काठ ताशी छप्पन किलोमीटरच्या वेगाने हत्यारासमोरून जातो. एवढ्या वेगात लाकडातली चीर उघडली तर तुकडा सरळ अंगावर येतो. म्हणून कातणारा नेहमी काठाच्या रेषेतून बाजूला उभा राहतो, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घेतो आणि पहिले फेरे अगदी संथ ठेवतो.

वाडग्यासाठी ओंडका उभा चिरतात. मधली नस, म्हणजे खोडाचं नेमकं केंद्र, काढून टाकावी लागते, कारण सगळ्या भेगा तिथून सुरू होतात. उरलेल्या अर्ध्या ओंडक्यातून गोल ठोकळा काढायचा आणि तो अशा रीतीने लेथला लावायचा, की लाकडाचे तंतू आडवे राहतील. त्यामुळे एका फेरीत हत्यारासमोर दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा त्यांची टोकं येतात. बाजू लोण्यासारखी कापली जाते, टोकं फाटायला बघतात. हे फाटणं टाळण्याची युक्ती कापायच्या दिशेत आहे. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जायचं, आतून कातताना काठाकडून तळाकडे यायचं. असं केलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूच्या मागे आधाराला दुसरा तंतू असतो. उलट दिशेने गेलं की तंतू मुळापासून उचकटतो आणि खरबरीत पट्टा उरतो. मग पॉलिश पेपरचा सगळा गठ्ठा संपला तरी तो पट्टा जात नाही.

हत्यार म्हणजे गोल धारेची पटाशी. तिची पाठ आधी फिरत्या लाकडावर नुसती टेकवायची. ती घासते पण कापत नाही. मग मूठ हळूहळू उचलायची. एका क्षणी धार लाकडाला भिडते आणि लांब, ओलसर, वळवळती ढलपी मुठीवरून मागे उडायला लागते. ज्याच्या हातून ढलपी निघते त्याचं हत्यार बरोबर लागलंय, ज्याच्या हातून भुकटी उडते त्याचं चुकलंय. शिकवणारा माणूस आधी खाली पडलेला कचरा बघतो तो यासाठीच.

फुलदाणीची तऱ्हा वेगळी. तिच्यात तंतू उभे ठेवतात, बुडापासून तोंडापर्यंत. तोंड अरुंद, पोट मोठं, त्यामुळे आतलं काम डोळ्यांना दिसत नाही. आकड्यासारखं वाकलेलं हत्यार आत जातं आणि कातणारा कानांवर भरवसा ठेवतो. भिंत जाड असताना आवाज दबका येतो, पातळ होत गेली की वर चढतो. मध्येच हत्यार थांबवून, आतला भुसा हवेने काढून, वाकड्या कॅलिपरने जाडी मोजायची. लहानमोठी फुलदाणी पूर्ण व्हायच्या बेतात असताना फुटते ती बहुतेक वेळा इथेच, आणखी अर्धा मिलिमीटर काढण्याच्या मोहापायी. लाकडी फुलदाणीत थेट पाणी भरायचं नसतं. आत काचेची नळी बसवायची, नाहीतर वाळलेली फुलं ठेवायची. मराठवाड्यात त्यासाठी फुटलेल्या कापसाच्या बोंडांची काडी आहे, ज्वारीचं कणीस आहे. गडद गाभ्याच्या फुलदाणीत पांढरी बोंडं फार उठून दिसतात.

यानंतर येतं लाकडाचं आकसणं, आणि मराठवाड्यातल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही. रुंदीत आकसतं, पण सारखं नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळला की लंबगोल होतो. उपाय जुना आणि सोपा: आधी वाडगा जाडसर कातून ठेवायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तीस सेंटिमीटरच्या वाडग्याला तीन सेंटिमीटर. मग टोकाच्या बाजूंना मेण लावून, कागदी पिशवीत गुंडाळून सावलीत सहा महिने तरी विसरून जायचं. त्याला वाकडं व्हायचं तेवढं होऊ द्यायचं. नंतर पुन्हा लेथवर चढवून गोल करायचं.

आपली हवा इथे परीक्षा घेते. लाकूड हवेतल्या दमटपणाशी सतत जुळवून घेत असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांमध्ये इथल्या लाकडातली ओल साधारण पाच-सहा टक्क्यांवर उतरते, भर पावसाळ्यात चौदा-पंधरापर्यंत चढते. कोकणात एवढा हेलकावा नसतो. तिथला तंग झाकणाचा डबा इथल्या मे महिन्यात सैल पडतो किंवा तडकतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या कातणाऱ्याने झाकणाचं काम पावसाळ्यानंतर, मध्यम दमट दिवसांत करावं आणि झाकणाला थोडी मोकळीक ठेवावी. मार्च ते जून ओलं लाकूड उघड्यावर ठेवूच नये. दुपारभरात टोकांना तारे फुटतात.

कोकणाचं नाव निघालं तर सावंतवाडीला टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात लाकडाच्या कातीव आणि रंगीत कामाचं जे घर आहे ते सावंतवाडी. मोती तलावाजवळच्या चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, पाट, चौरंग, खेळणी यांची दुकानं आजही ओळीने आहेत. तिथलं लाकूड काही दुर्मीळ नाही: पांगारा, आंबा, शिवण. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच गंजिफा या रंगीत पत्त्यांना आणि लाखकामाला आश्रय दिला, कारागीर बसवले आणि संपत आलेली कला सावरली. लाखेचा रंग चढवण्याची पद्धत तर बघत राहावी अशी असते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणमध्ये काळ्या कुड्याच्या लाकडावर ती रोज दिसते. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचं पान फिरत्या कामावर दाबून ओढतात आणि एका ओढीत रंगाला चकाकी येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळत ठेवणं नाही. पांगाऱ्यासारख्या फिक्या, मऊ लाकडाला लाख हवी, शिसवाला नको. गाभ्याला स्वतःचा रंग असतो तेव्हा त्यावर पारदर्शक तेलच शोभतं.

त्या तेलाच्या बाबतीत मराठवाडा नशीबवान आहे. लाकडाला लागणारं तेल हवेत सुकून घट्ट होणारं असावं लागतं. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट होतं. जवसाचं तेल सुकतं. आपल्या काळ्या रानात येणाऱ्या करडईच्या पारंपरिक वाणाचं तेलही सुकतं, रंगाच्या उद्योगात त्याचा वापर याच गुणासाठी झाला. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसायचं, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, पुन्हा द्यायचा. पुसलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या पोटात ती साठून आपोआप आग लागते. फडकी दोरीवर पसरून वाळवावीत.

भुशाबद्दलही एवढ्याच गांभीर्याने सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. शिसवाच्या प्रजातीतल्या लाकडांचा भुसा अनेकांना त्वचेवर आणि श्वासात बाधतो. चांगला मास्क ही इथे हत्याराइतकीच आवश्यक वस्तू आहे.

दुर्मीळ लाकूड वापरायचं नाही, तर मग कुठलं? उत्तर आपल्या रस्त्यांवर उभं आहे. रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्करचा. सुबाभूळ मेक्सिकोची. आपण ज्याला अगदी घरचं झाड समजतो ती चिंचही फार पूर्वी आफ्रिकेतून आली. म्हणजे परदेशी लाकूड शहरात गाड्या भरभरून आहे. यातल्या रेन ट्रीकडे मी पुन्हा पुन्हा बोट दाखवतो. हवाईत त्याला मंकीपॉड म्हणतात आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या पर्यटकांच्या बॅगांमधून मंकीपॉडचे वाडगे जगभर गेले. त्याचा गाभा तपकिरी, त्यात गडद रेघा, आणि कडेला फिकट पिवळ्या लाकडाचा पट्टा. दोन्ही रंग एका वाडग्यात ठेवता येतात. शिवाय हे लाकूड वाळताना फारच कमी आकसतं, त्यामुळे ओलं कातलं तरी फारसं वाकडं होत नाही. मेमधल्या आपल्या हवेसाठी याहून बरं लाकूड मला माहीत नाही. वादळात पडलेला किंवा रुंदीकरणात तोडलेला रेन ट्री इथे मात्र जळाऊ लाकूड म्हणून वजनावर जातो.

चिंचेच्या जुन्या खोडात जांभळट तपकिरी गाभा असतो, लहान पण फार कठीण. बाभळीचा गाभा लालसर आणि चिवट. कडुनिंब बऱ्यापैकी कातला जातो, त्याचा वास कामभर दरवळतो. गुलमोहराचं लाकूड मऊ आणि कमकुवत, त्याच्या नादी लागू नये. अजिंठ्याच्या डोंगरात अंजन आहे, देशातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक. पाण्यात टाकलं तर बुडतं. पण ते अनुसूचीतलं झाड, म्हणून जुन्या वाड्याची किंवा बैलगाडीची मोडीत निघालेली तुळई, चाक मिळालं तरच. मोडीचा साग मिळतो, तो देखणाही असतो, पण सागात वाळूतलाच सिलिका असतो आणि पटाशीची धार पाहता पाहता बसते.

आणि हत्याराला धार लावणारे, कानाने जाडी ओळखणारे हात? वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्यामागून सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. वाळूज, चिकलठाणा, रेल्वे स्टेशन एमआयडीसी, या भागांत लेथ दिवसरात्र फिरत असतात. आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या मुलाला सेंटर काढणं, रफिंग, फिनिशिंग, धार लावणं, मायक्रोमीटर धरणं सगळं येतं. धातूच्या लेथवर टूल पकडीत घट्ट असतं, लाकडाच्या लेथवर ते हातात असतं, हा मोठा फरक आहे. पण फिरत्या कामाच्या आवाजावरून काय चाललंय ते ओळखण्याची सवय दोन्हीकडे एकच. बिदरीच्या सुरया आणि फुलदाण्या करणारे इथले कारागीरही जस्त-तांब्याच्या मिश्रधातूचं ओतीव भांडं आधी कातून गुळगुळीत करतात आणि मग त्यावर चांदीची तार ठोकतात. फुलदाणीचा आकार या शहराच्या हातांना नवा नाही.

एका पदार्थातलं कसब दुसऱ्यात नेता येतं याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांमध्ये उत्खननात एका यक्षाची मूर्ती सापडली. दोन हजार वर्षांहून जुनी, चेहऱ्यावर मोकळं हसू, दोन्ही हातांनी डोक्यावर पसरट वाडगा तोललेला. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, आणि व्यवसाय सोनार. सोन्याच्या बारीक कामात तयार झालेल्या माणसाने दगड हातात घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव घालण्याइतकं ते काम त्याला आपलं वाटलं. वाळूजच्या टर्नरला लाकूड आपलं वाटायला कसली अडचण आहे?

अडचण आहे ती लाकूड वेळेवर हाती येण्याची. शहरातलं झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी मिळून झाड पडलं की ओंडक्यांचा लिलाव होतो किंवा ठेकेदार ते उचलतो, आणि दोन-तीन आठवडे उन्हात पडलेल्या ओंडक्याची टोकं वाडग्याच्या कामाची राहत नाहीत. महापालिकेने रेन ट्री, चिंच आणि बाभळीचे पन्नास सेंटिमीटरहून जाड ओंडके वेगळे काढायचे, तोडल्या दिवशी टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासायचा, सावलीत ठेवायचे आणि आयटीआयच्या कार्यशाळांना जळाऊच्या भावाने द्यायचे, एवढी तजवीज झाली तर या शहरात लाकूड कातण्याचं काम वर्षभरात उभं राहू शकतं. लेथ आहेत, टर्नर आहेत, करडईचं तेल आहे. पहिला वाडगा रेन ट्रीचा करावा, वीस सेंटिमीटरचा, उथळ, काठ जरा जाड ठेवून. काठ पातळ करायचा तो दहाव्या वाडग्यापासून.